तक्त्यात नसलेलं पाऊल

सकाळचे सात. तुळजापूर तालुक्यात काटी-सावरगावच्या बाजूला एका द्राक्षबागेच्या बांधावर बायका ओळीनं उभ्या आहेत. प्रत्येकीच्या साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डोक्याला टॉवेल, त्यावरून पदर. एक तरुण डॉक्टर त्यांच्या कपड्यांवर पांढरे चौकोन चिकटवते आहे. दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद. पुढं गॉज आणि शोषकागद, मागं फॉइल. एक छातीवर, एक पाठीवर, दोन खांद्यांवर, दोन कोपराखाली, दोन मांड्यांवर, दोन पोटऱ्यांवर. अकरावा चौकोन शर्टाच्या आत, छातीवरच्या चौकोनाच्या बरोबर खाली. बाहेर किती पडलं आणि कापडातून आत किती उतरलं, हे त्या जोडीवरून कळायचं आहे.

"लग्नात हळद लागली तवाबी येवढ्या जागी लावली न्हवती," रांगेतली सगळ्यात वयस्क बाई म्हणते आणि बाकीच्या हसतात. तिला सगळ्या मावशी म्हणतात. टोळीचा हिशेब तिच्याकडं आहे, कोणी कोणत्या ओळीत लागायचं ते तीच ठरवते, आणि आज संमतीच्या कागदावर पहिला अंगठाही तिचाच आहे. अंगठा देण्याआधी तिनं डॉक्टरकडून कागद दोनदा वाचून घेतला. कधीही नको म्हणता येईल, मजुरी कापली जाणार नाही, ही ओळ तर तिसऱ्यांदा.

आज नवरात्राची पाचवी माळ आहे. बागेची फळछाटणी काल संपली. ओलांड्यांवर आखूड कापलेल्या काड्या उभ्या आहेत, पान एकही नाही. आपल्याकडं वेल झोपी जावी इतकी थंडी पडत नाही. सोडून दिलं तर टोकाचा डोळा आधी फुटतो, खालचे मागं राहतात, काही मुके राहतात. सगळे डोळे एका वेळी फुटावेत म्हणून छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काड्यांवर औषध पुसतात. शेतात त्याला पेस्ट म्हणतात, कामाला पेस्टिंग. कॅनमध्ये साधारण निम्मं हायड्रोजन सायनामाइड असतं, निम्मं पाणी. लिटरला तीस-चाळीस मिली घालून ते पातळ करतात. कुठली काडी झाली, कुठली राहिली हे दिसावं म्हणून या बागेत त्यात लाल रंगही मिसळला आहे. कामाला लागून तास होत नाही तोच सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लाल होतात.

काम सोपं दिसतं. डाव्या हातात प्लास्टिकचा मग, उजव्या हातात स्पंजाचा तुकडा. स्पंज बुडवायचा, काडी मुठीत धरायची, खालून वर पुसायचं, पुढची काडी. पण काड्या खांद्याच्या वर आहेत. हात सतत वर. वर धरलेल्या हातावरचं पाणी कुठं जाणार? ते मनगटावरून कोपराकडं उतरतं, कोपरावरून काखेत. शर्टाच्या बाहीच्या आतल्या बाजूनं लाल ओघळ खाली जाताना मी पाहतो आहे. काखेत पोचल्यावर तो दिसेनासा होतो.

त्वचा सगळीकडं सारखी नसते. हॉवर्ड मेबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकाची अगदी थोडी मात्रा माणसांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी लावून किती आत जातं ते तपासलं होतं. कोपराखालच्या हातातून नऊ टक्क्यांच्या आसपास. कपाळातून त्याच्या चौपट. काखेतून सातपट. वृषणाच्या त्वचेतून जवळपास सगळंच्या सगळं. लंडनची धुराडी साफ करणाऱ्या पोरांना त्याच जागी कॅन्सर होतो आणि तो काजळीमुळं होतो, हे पर्सिव्हल पॉट या सर्जननं १७७५ मध्येच लिहून ठेवलं होतं. प्रत्येक रसायनाचे आकडे निराळे असतात, सायनामाइडचे पॅराथिऑनसारखे धरता येणार नाहीत. पण बिनकेसाच्या, जाड कातडीच्या हातावर काय दिसतं तेवढ्यावरून काखेत आणि जांघेत काय चाललंय हे ठरवता येत नाही, हे त्यातून कळतं ते कळतंच.

मालक ड्रमापाशी उभे आहेत. भला माणूस. हातमोज्यांचं अख्खं पाकीट त्यांनी सोलापूरहून आणलं आहे. "आणून ठेवलेत, पण घालत नाहीत हो बायका," ते डॉक्टरला सांगतात. हे वाक्य महाराष्ट्रात ज्या ज्या शेतावर फवारणीबद्दल विचारावं तिथं ऐकायला मिळतं. डॉक्टर त्यावर काही बोलत नाही. पाकिटातला एक हातमोजा काढते आणि मावशीला म्हणते, "घालून दाखवा बरं."

हातमोजा पुरुषाच्या मापाचा आहे. बोटांच्या पुढं रबर लोंबतं, त्यानं स्पंज नीट धरता येत नाही. वर मनगटात हिरव्या बांगड्यांचा चुडा. मोजा बांगड्यांवरून चढत नाही, बांगड्यांच्या खालीच थांबतो आणि त्याचं तोंड उघडं राहतं. मावशी हात वर करते, काडी पुसते. थेंब बांगड्यांना अडतो, तिथून सरळ मोज्यात.

"हे बघा," मावशी मालकाला म्हणते. "आत गेलं की दिसभर आतच. त्यापरीस उघडा हात बरा, निदान धुता तरी येतो. आन् बांगड्या काढा म्हणू नका. नवरात्र हाय."

मालक गप्प होतात. डॉक्टर वहीत लिहून घेते: माप, बांगड्या, हात वर. मग मोज्याचं तोंड बाहेरून दुमडून दाखवते. असं दुमडलं की ओघळ त्या घडीत अडतो. पण ते जमायला मोजा लांब हवा, कोपराजवळ येईल इतका, आणि बाईच्या हाताच्या मापाचा. पाकिटात तसा एकही नाही.

साडेनऊला पहिली तपासणी. ज्यांचे नमुने घ्यायचे त्या एकेक करून चिंचेखाली येतात. डॉक्टर चिमट्यानं चौकोन सोडवते, फॉइलमध्ये गुंडाळते, वर क्रमांक घालते, बर्फाच्या डब्यात ठेवते. एक चौकोन मात्र कोणाच्याच अंगावर नव्हता. सकाळपासून तो चिंचेला टांगलेला आहे. हवेतून काही येऊन बसलं तर त्याच्यावर दिसेल आणि बाकीच्यांच्या हिशेबातून तेवढं वजा होईल.

मग हात. जाड पॉलिथिनच्या पिशवीत मोजून डिस्टिल्ड वॉटर, त्यात मनगटापर्यंत हात, वर तोंड आवळून धरायचं आणि पिशवी हलवत राहायचं. सायनामाइड पाण्यात सहज विरघळतं म्हणून पाणी पुरतं. तेलकट कीटकनाशकांसाठी पाण्यात अल्कोहोल घालावं लागतं. एकदा धुतलेलं पाणी एका बाटलीत, दुसऱ्यांदा धुतलेलं दुसऱ्या बाटलीत. दुसऱ्या बाटलीतही बरंच निघालं, तर पहिल्या धुण्यात हात पुरता सुटला नव्हता असं समजायचं. पांढरे सुती हातमोजे घालूनही हे मोजता येतं, पण सुती कापड कातडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं आणि आकडा फुगतो. म्हणून ती पिशवीच वापरते.

ही पद्धत तिची नाही. शेतावर काम करणाऱ्याच्या अंगावर चौकोन चिकटवून विष मोजायची रीत डरहॅम आणि वुल्फ या दोघांनी १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत नीट मांडली आणि त्यानंतर जगभर तीच थोड्याफार फरकानं चालत आली. चौकोनावर दर चौरस सेंटिमीटरला किती सापडलं ते काढायचं, त्या अवयवाच्या क्षेत्रफळानं गुणायचं, सगळे अवयव मिळवायचे. छापील तक्त्यात प्रत्येक अवयवापुढं जागा आहे. डोकं, मान, छाती, पाठ, दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी. तिथं तक्ता संपतो. पाऊल नाही. ज्यांनी ही रीत बसवली त्यांच्या डोळ्यांपुढचा कामगार बूट घातलेला होता.

आणि इथं सगळ्या अनवाणी आहेत.

रोज असतात असं नाही. नऊ दिवस पायात वहाण घालायची नाही असं देवीचं व्रत इथल्या कितीतरी घरांत असतं. सोलापूरच्या रस्त्यानं तुळजापूरला निघालेल्यांचे घोळके याच दिवसांत दिसतात, म्हातारे, तरणे, कडेवर पोर घेतलेल्या बायका. मावशी घटस्थापनेपासून अनवाणी आहे. तिच्या सुनेनं नवस बोललाय, तीही अनवाणी. वेलीखाली उभं राहून वरच्या काड्या पुसायच्या म्हणजे वरून टपकणारा प्रत्येक थेंब एकतर मातीवर पडतो, नाहीतर पावलावर. ठिबकच्या नळीपाशी जमीन ओली आहे, आणि पावलं त्याच चिखलात.

डॉक्टरच्या लक्षात हे पहिल्या ओळीतच आलं आहे. ती मावशीच्या पायाशी उकिडवी बसली आहे. टाचांना खोल भेगा, एका बोटाजवळ ओली जखम. भेग म्हणजे कातडीची भिंत तिथं तुटलेली. मेबॅकच्या त्या जुन्या तपासणीत तळपायाचाही आकडा आहे आणि तो कोपराखालच्या हाताहून मोठाच आहे. शिवाय ती कातडी शाबूत होती.

"मावशी, पांढरे सुती मोजे देते पायात घालायला. ते मी मोजायला नेईन."

"मोजं? त्ये वहाणच की."

"वहाणेला तळ असतो. हे नुसतं कापड आहे."

मावशी विचार करते. सून म्हणते, कापड चालतंय. दुसरी म्हणते, न्हाई चालत, आमच्यात तर कापडबी न्हाई. थोडा वेळ चांगलीच चर्चा होते आणि डॉक्टर मध्ये पडत नाही. शेवटी मावशी निकाल देते. "पाय धू तू. त्याला कायबी आडकाठी न्हाई."

मग पिशव्या पायाला लागतात. डॉक्टर स्वतः पिशवी धरून एकेकीचा पाय घोट्यापर्यंत धुते. मावशीला ते अवघड होतं, पाय मागं घेते. "आगं, तू डाक्टर." डॉक्टर म्हणते, "मग काय झालं, हाताचं पाणी घेतलं तसंच हे." एक खरी अडचण आहे. पावलांना माती आहे आणि पाण्यात मातीही उतरते. म्हणून ती वेलीखालची थोडी माती वेगळी भरून घेते आणि अजून काम न लागलेल्या ओळीतली थोडी. ज्या दोघी उशिरा आल्या आणि अजून पेस्टला लागायच्या आहेत, त्यांचे पाय कामाआधी धुऊन ठेवते, म्हणजे आधीचं आणि नंतरचं ताडून पाहता येईल. छापील तक्त्याखालच्या मोकळ्या जागेत ती पेनानं ओळ आखते आणि लिहिते: पाऊल.

ड्रमापाशी औषध कालवणारा गडी एकटाच आहे. पातळ न केलेलं, कॅनमधलं औषध त्याच्याच हातून जातं. ते कातडीला लागलं तर भाजतं. त्याच्या अंगात बनियन आणि हाफ पॅन्ट. काठीनं ढवळताना उडालेलं मांडीवर वाळलं आहे. त्याचे चौकोन सोडवताना तो आपण होऊन सांगतो की पेस्टच्या दिवसांत दारू चालत नाही. गेल्या वर्षी संध्याकाळी थोडी घेतली, तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, वाटलं मरतो आता. गावात बऱ्याच जणांना हे माहीत आहे, फक्त का होतं ते कोणी सांगितलेलं नाही. डॉक्टर सांगते. दारूचं शरीरात आधी एक विषारी द्रव्य होतं, मग यकृतातलं एक एन्झाइम त्याची वासलात लावतं. सायनामाइड त्या एन्झाइमलाच अडवतं. दारू सोडवण्यासाठी याच कुळातलं औषध काही देशांत रुग्णांना देत असत.

"म्हंजी प्यायलोच न्हाई तर औषध काय करत न्हाई?"

"करतं. तेव्हा तुला कळत नाही, एवढंच."

इटलीत याच औषधानं द्राक्षबागांतले कामगार आजारी पडल्याच्या नोंदी या शतकाच्या सुरुवातीला झाल्या. युरोपीय संघानं २००८ मध्ये हायड्रोजन सायनामाइडला आपल्या मान्य यादीत घ्यायला नकार दिला. कामगाराच्या अंगावर किती येतं हाच तिथं मुख्य प्रश्न होता. आपल्याकडं अंगावरच्या विषाची चर्चा मोठ्यानं झाली ती २०१७ मध्ये, यवतमाळात कपाशी फवारताना वीसहून जास्त माणसं गेली तेव्हा. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, पाठीवर पंप, अंग ओलंचिंब. तेव्हाही पहिला शब्द निष्काळजीपणा हाच होता. मला तो शब्द फार घाईनं उच्चारलेला वाटतो. कोणाच्या अंगावर किती पडलं, कुठल्या कामात, कुठल्या कपड्यांत, कुठल्या उंचीच्या पिकात, हे कोणी मोजलेलंच नसेल, तर निष्काळजी कोण हे ठरवायचं कशावरून? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्यांची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी करावी असं लिहिलेलं आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावं असंही. इथं एकीलाही अशी तपासणी माहीत नाही. आज या मळ्यावर, उद्या त्या मळ्यावर जाणाऱ्या टोळीला महिन्यानं तपासायचं कोणी, हे त्या नियमातून कळत नाही.

दुपारची भाकरी होते. मावशीचा उपवास, तिनं शेंगदाणे आणि केळ खाल्लं. आता एक वेगळा प्रयोग आहे आणि त्यात औषध नाही. बादलीभर साध्या पाण्यात डॉक्टर एक निरुपद्रवी रंगद्रव्य मिसळते. उजेडात ते दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. रिचर्ड फेन्स्के यांनी अमेरिकेत १९८० च्या दशकात ही रीत वापरून दाखवली, म्हणजे जे चौकोन चुकवतात ते पकडता यावं. चौकोन फक्त चिकटवलेल्या जागचं सांगतो. थेंब त्याच्या शेजारी पडला तर त्याला पत्ता नसतो.

तिघी जणी हात धुऊन त्या पाण्यानं एका ओळीतल्या काड्या पुसतात, नेहमीसारख्याच. मग शेडमध्ये शटर ओढून अंधार केला जातो. दिवा लागतो आणि आधी शर्टच भगभगतात. मी दचकतो. डॉक्टर म्हणते, हे धुण्याच्या पावडरचं, तिच्यातही असलंच द्रव्य असतं, कपड्यांकडं बघायचं नाही, फक्त कातडी. काम सुरू व्हायच्या आधीही तिनं तिघींना याच दिव्याखाली पाहून घेतलं होतं.

कातडीवर निळं आहे. पंजे तर पूर्ण. कोपरापर्यंत ओघळ, प्रत्येक बांगडीखाली एक गोल कडं. कपाळावर, घाम पुसला तिथं बोटांच्या चार रेघा. मानेच्या मागं, पदर ओढला तिथं. दोघींच्या पावलांवर ठिपकेच ठिपके, आणि टाचेच्या भेगांत निळ्या रेघा, एकेक भेग मोजता येईल अशा.

"तोंड उघडा मावशी," डॉक्टर म्हणते.

मावशी ओठ बाजूला करते. खालच्या हिरडीवर निळा डाग. मधे पाच मिनिटं बसली तेव्हा तिनं मिश्री लावली होती, त्याच बोटानं. हात साडीला पुसून. मिश्रीची डबी दिव्याखाली धरतात, झाकणही निळं. कळशीचा काठ, तांब्याची कड, सगळ्यांनी प्यायलेला.

इतका वेळ चाललेली चेष्टामस्करी थांबते. सून मिश्रीच्या डबीकडं बघते आहे. "सकाळीबी असंच गेलं आसल की पोटात," ती म्हणते. "लाल व्हतं तवा धुतलं. लाल दिसंना, म्हणलं गेलं."

शटर वर जातं. मालक बाहेर वाट पाहत उभे आहेत, त्यांनाही दिव्याखाली यायचं आहे. कॅन उचलून दिला होता, म्हणून नाही. दुपारी सगळ्यांबरोबर त्याच तांब्यानं पाणी प्यायले होते म्हणून. त्यांच्या ओठांवर काही सापडत नाही, उजव्या हाताच्या दोन बोटांवर सापडतं. मग ते स्वतःच विचारतात ते मोज्यांबद्दल नसतं. पिण्याच्या पाण्याला नळाचा जार आणला तर? हात धुवायला ओळीच्या टोकाला टाकी ठेवली तर? स्पंजाला लांब दांडा लावला तर काडी नीट पुसली जाईल का? डॉक्टर म्हणते, दांडा लावून एक ओळ उद्या करून पाहू, चौकोन माझ्याकडं उरलेत. दांड्यानं अंगावर येणं कमी होतं की थेंब नुसते जास्त उडतात, ते मोजल्याशिवाय मी सांगणार नाही.

बाटल्या भरून झाल्या आहेत. हाताच्या, पायाच्या, मातीच्या, आणि संध्याकाळी घेतलेल्या लघवीच्या. चौकोन आणि धुवण अंगावर काय आलं ते सांगतील. आत काय गेलं ते लघवी सांगेल, कारण सायनामाइडचं शरीरात जे होतं ते काही तासांत तिथूनच बाहेर पडतं. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवले तरच काही बोलता येईल. डॉक्टर डबा बंद करत असताना मावशी तिच्यापाशी येते.

"ह्याचा रिपोर्ट कधी?"

"महिना-दीड महिना लागेल मावशी."

"मग आम्हास्नी कसा घावंल? दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला जाती. आर्धी कर्नाटकात, आर्धी कोल्हापूरकडं. परत यायला पाडवा उजाडतो. तवर तू कुणाला सांगनार? ह्यांला?" ती मालकांकडं हात करते. "पाय आमचं धुतलंस ना."

डॉक्टर बांधावर बसते आणि प्रयोगशाळेला फोन लावते. रेंज जाते-येते. ती उठून विहिरीच्या कट्ट्यावर चढते आणि तिथून मोठ्यानं बोलते. पायांच्या बाटल्या आधी घ्या, हातांच्या नंतर, नाही, नंबरानं नाही, मी सांगते त्या क्रमानं. पलीकडून काहीतरी अडचण सांगितली जाते. ती म्हणते, मग मी स्वतः येऊन बसते मशीनपाशी. खाली उतरून ती मावशीला तारीख सांगते, वसुबारसेच्या आदली, सकाळी, मारुतीच्या देवळासमोर. मावशी सुनेला ती तारीख मोबाइलमध्ये घालायला लावते आणि उरलेल्या दोन ओळींकडं वळते. उजेड आहे तोवर त्या संपवायच्या आहेत.